उताऱ्यावरचं नाव

बटाटे काढायचे दिवस होते आणि राबायला माणूस नव्हतं. घरात दोघीच, इलारिया आणि तिची सासू गुमेर्सिंदा. त्यातही सासूला चार वर्षांपासून डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. इलारिया उजाडताच चढावरच्या वावरात जायची, कुदळीनं सरी फोडायची, बटाटे वेचून पोत्यात भरायची आणि पोतं पाठीशी बांधून अर्धा कोस खाली उतरायची. दिवसातून चार खेपा. नवरा तेओदोसिओ असता तर दोनच पडल्या असत्या, पण तो खाणीच्या ट्रकखाली सापडून मेला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. एकच मुलगी झाली होती, तीही नऊ महिन्यांची होऊन गेली. आता मागंपुढं कोणी नव्हतं, आणि हे वारापाता गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी दुसरं पोतं घेऊन उतरताना तिला खालून ठोकाठोक ऐकू आली. अंगणात येऊन बघते तर धाकटा दीर फाकुंदो दाराच्या चौकटीवर पत्र्याची पट्टी ठोकत होता.

"काय ठोकताय भावजी?"

"पाटी."

"कसली?"

"नावाची. घराला नाव नगं?"

इलारिया चौथीपर्यंत शिकलेली. पाटीवर 'फाकुंदो पुमाकायो' एवढं वाचायला तिला वेळ लागला नाही. पुमाकायो ठीक होतं, घराण्याचंच आडनाव ते. पण फाकुंदोचा इथं काय संबंध? तो तर बारा वर्षं खालच्या आळीत सासऱ्याकडे घरजावई म्हणून राहत होता. सासरा त्याला चारचौघांत 'आमचा पावणा' म्हणायचा, आणि मेव्हणे मंडळी मांसाचं पातेलं त्याच्यापर्यंत पोचायच्या आत खरवडून मोकळी व्हायची.

तिनं पाठीवरचं पोतं टाकलं.

"चेष्टा पुरी. काढा ती."

"चेष्टा न्हाई वैनी. सरकारी कागद आलाय. घर माज्या नावावर हाय."

"तुमच्या नावावर? ह्या भिंतींची माती म्या तुडवलीया. सात म्हैन्यांची पोटुशी व्हते तवा तुडवलीया."

"मातीवर नाव न्हाई लिवत कुनी. कागदावर लिवत्यात."

इलारियानं पुढं होऊन पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. एक खिळा निघाला, दुसरा निघेना. पत्र्याची धार तळव्यात घुसली तरी तिनं सोडलं नाही. फाकुंदोनं तिला खांद्याला धरून मागं ढकललं. ती परत आली. तेव्हा त्यानं हातोडी उलटी धरली आणि दांड्यानं तिच्या तोंडावर मारलं. मारायचं ठरवून मारलं की हात गेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. समोरचा दात तुटून तिच्या जिभेवर आला. घरचं कुत्रं धावून आलं आणि फाकुंदोच्या पोटरीला डसलं, आणि या वेळी हातोडी सरळ बाजूनं उतरली. कुत्रं एकदाच केकाटलं आणि उंबऱ्यापाशी पडलं.

आतून सासूचा आवाज आला. "कोन हाय? फाकुंदो का? कुनाला मारलंस रं?"

"कुत्र्याला, आये."

"आनि इलारिया का बोलंना?"

इलारियाचं तोंड रक्तानं भरलं होतं. ती थुंकली आणि म्हणाली, "पडले आत्याबाई. पोत्यासकट पडले."

फाकुंदोनं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि तिच्यासमोर उघडून धरला. वर शिक्का, खाली शिक्का, मध्ये घराचा नकाशा, आणि नाव फाकुंदोचं. आवाज त्यानं करडा ठेवला.

"बटाटे काढून घे. मंग तुज्या आईची जागा हाय की ओढ्यापल्याड, तिथं जा. आये हितंच ऱ्हाईल माज्यापाशी."

तो गेल्यावर इलारियानं आधी पाटी उपटली, मग कुत्र्याला ओढत नेऊन बांधाच्या कडेला पुरलं. उरलेल्या दोन खेपाही तिनं त्याच दिवशी केल्या. बटाटे जमिनीत ठेवून चालणार नव्हतं.

*

प्रांताच्या गावी जायला मालट्रकच्या टपावर बसून चार तास लागतात. इलारियानं पेटीतून खरेदीखत काढलं, छातीशी पदरात बांधलं आणि सुजलेल्या तोंडानं नोंदणी कचेरीत जाऊन रांगेत उभी राहिली. मनातून ती निर्धास्त होती. असला कागद फाकुंदोच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल, असं तिला वाटत होतं.

खिडकीपलीकडं चष्मा लावलेली एक बाई होती. तिनं आधी तोंडाकडे बघितलं.

"काय झालं तोंडाला?"

"पडले."

"इथं रोज कुणीतरी पडूनच येतं," बाई म्हणाली आणि तिनं कागद उलगडला. तिनं तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला. अठरा वर्षांपूर्वी जमीनदाराच्या विधवेकडून घेतलेली घरजागा. उत्तरेला पायवाट, दक्षिणेला ओढा, पूर्वेला घायपाताची तीन झुडपं, पश्चिमेला शेजाऱ्याचा दगडी बांध. खाली तेओदोसिओची सही, इलारियाची सही, गावच्या न्यायपंचाचा शिक्का.

"कागद खरा आहे," बाई म्हणाली.

इलारियाचा जीव भांड्यात पडला. "मंग माज्या घरावरनं दिराचं नाव काढा."

"हा कागद तुम्ही आमच्याकडं कधी आणला होता?"

"तुमच्याकडं? त्यो तर माज्या पेटीत व्हता. कुलपात. हितं कशाला आनू? हरवला असता."

बाईनं चष्मा काढून डोळे चोळले. ही गोष्ट तिनं आजवर किती जणांना सांगितली असेल कोण जाणे, पण ती चिडली नाही.

"हे बघा. खरेदीखत म्हणजे तुम्ही घर विकत घेतलंत त्याची हकिगत. ती तुम्हाला ठाऊक आणि विकणारीला ठाऊक. बाकी जगाला मालक कोण ते आमच्या नोंदीवरून कळतं. तुम्ही कागद पेटीत ठेवलात, त्यामुळं आमच्याकडं तुमच्या घराचं पान सोळा वर्षं कोरंच होतं. दोन वर्षांपूर्वी सरकारी मोजणी झाली. मोजणीवाल्यांना दारात जो दिसला त्याचं नाव त्या कोऱ्या पानावर चढलं."

"त्यो कशाला दिसंल? त्यो तिथं ऱ्हातच न्हाई."

बाईनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मोजणीच्या वेळी काढलेला फोटो होता. इलारियाच्या अंगणात, इलारियाच्या बाकड्यावर एक माणूस बसला होता. अंगात तपकिरी पट्ट्यांचा, गळ्यातून घालायचा लोकरी पोंचो, डोक्यावर काठ दुमडलेली काळी हॅट. पोंचो इलारियानंच विणला होता. क्षणभर तिला तेओदोसिओच दिसला. मग हॅटखालचा फाकुंदोचा चेहरा दिसला. कोणता दिवस होता ते तिला कळलं.

वारापात्यात माणूस गेला की पाचव्या दिवशी घरचे सगळे त्याचे कपडे घेऊन नदीवर जातात आणि धुतात. घर मात्र रिकामं ठेवायचं नसतं. मेलेल्याच्या भावानं त्याचा एक जोड अंगावर चढवून अंगणात बसायचं, आणि येईल त्याला मेलेल्याच्या नावानं ओ द्यायची. संध्याकाळी सगळे परत आले की त्याला मेलेल्याचं आवडतं जेवण वाढायचं, गळ्यात पडून रडायचं, मग कपडे उतरवून घेऊन निरोप द्यायचा. त्या दिवशी सबंध घराणं नदीवर होतं. फाकुंदोला पोंचो इलारियानं स्वतःच्या हातानं घातला होता.

"यादी तुमच्या गावच्या सभागृहाच्या भिंतीवर वीस दिवस होती," बाई सांगत होती. "तेव्हाच हरकत घ्यायला हवी होती."

"तवा म्या वर माळावर मेंढरं घिऊन व्हते."

"मग आता दोन वाटा. एक कोर्टाची, तिला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही. दुसरी, त्यानं स्वतःच्या पायांनी इथं यायचं आणि माझ्यासमोर सही करून घर तुमच्या नावावर करून द्यायचं. राजीखुशीनं."

"आनते त्याला," इलारिया म्हणाली. राजीखुशीनं हा शब्द तिनं ऐकला होता, पण तो तिच्या डोक्यात शिरला नव्हता.

*

गावराख्यांची सभा रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मैदानात भरली. गावराखे म्हणजे गावातलेच लोक. चोर धरायचा, भांडण मिटवायचं, ऐकलं नाही तर कातडी आसूडानं वळणावर आणायचं, हे काम त्यांचं. त्यांचा म्होरक्या साबिनो बुटका आणि शांत होता. त्यानं फाकुंदोला मध्ये उभं केलं.

"बोल. घर कुनाचं?"

"कागदावर माजं हाय."

"कागद कसा झाला ते सांग."

फाकुंदोनं खाली बघत सांगितलं, पण अडखळत नाही. "म्या खोटं बोललो न्हाई. मोजनीवाल्यानं इचारलं, घर कुनाचं? म्या म्हनलं, माजं. त्या दिशी म्या तेओदोसिओ व्हतो. तुमीच बसवला व्हता मला. माजं न्हाई म्हनलो असतो तर मेल्याला घराभाईर काढल्यासारखं झालं असतं. मंग त्यानं ओळखपत्र मागितलं. मेल्याचं कुठनं आनू? माजं दिलं."

त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तेच सगळ्यांच्या जिवाला लागलं.

"बरं," साबिनो म्हणाला. "सांजच्याला आमी तुजे कपडे उतरवून निरोप दिला. दुसऱ्या दिशी का न्हाई सांगितलंस?"

"दुसऱ्या दिशी वाटलं, कागद काय येनार हाय? आपल्या गावात कवा काय आलंय? आनि आला तवा..." तो थांबला. "आला तवा म्या त्यो उशाखाली घिऊन झोपलो. बारा वर्सांत पैल्यांदा माज्या उशाखाली माजं कायतरी व्हतं."

खालच्या आळीतलं कोणीतरी हसलं. त्याचा मेव्हणाच असावा. फाकुंदोचे कान लाल झाले. तिथंच त्याचं मन फिरलं.

"सही करनार न्हाई," तो म्हणाला. "गावाचं तोंड म्हंजी सरकारी शिक्का न्हवं. काय करायचं ते करा."

मग ठरलं. तीन फटके घरच्या वडीलधाऱ्या माणसाचे, तीन जिच्यावर अन्याय झाला तिचे, आणि मग पुन्हा विचारायचं. दोघांनी फाकुंदोचा शर्ट काढला आणि त्याचे हात धरले. गुमेर्सिंदाला हाताला धरून पुढं आणलं. म्हातारीनं आसूड हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं मुलाची पाठ चाचपली, बाळाला न्हाऊ घालताना चाचपतात तशी.

"ही तुजीच का रं पाठ?"

"माजीच, आये."

"किती वाळलास."

तिनं मारलं. पहिला फटका खांद्यावर पडला, दुसरा चुकून धरणाऱ्याच्या हातावर. तिसऱ्याला ती स्वतःच रडायला लागली, आणि त्या फटक्यात माशी मारायचंही बळ नव्हतं. पण फाकुंदो गुडघ्यावर आला.

"करतो, आये," तो म्हणाला. "करतो सही. तू बस."

तिथं संपायला हवं होतं. पण ठरलेलं ते ठरलेलं, म्हणून साबिनोनं आसूड इलारियाच्या हातात दिला.

पहिले तीन तिनं मोजून मारले. तुटलेल्या दाताच्या जागेत जीभ गेली आणि तिनं चौथा मारला. मग तिला कुत्रं आठवलं. मग पोटुशी असताना तुडवलेला चिखल, मग ट्रकखालून काढलेला तेओदोसिओ, ज्यात फाकुंदोचा काहीही दोष नव्हता. बटाट्यांच्या पोत्यांनी कसलेले हात ते. पाठ फुटली, रक्त उडून तिच्या परकरावर आलं, तरी ती थांबली नाही. साबिनोनं मनगट धरलं तेव्हा अकरा झाले होते. तिला फार बरं वाटत होतं. हे तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

"पुरं, बाई," साबिनो म्हणाला. "त्यानं व्हय म्हनलं व्हतं."

*

तिसऱ्या दिवशी दोघं ट्रकच्या टपावर समोरासमोर बसून गेले. फाकुंदो चार तास ताठ बसून होता, कारण पाठ टेकवता येत नव्हती. त्यानं लग्नातला पांढरा शर्ट घातला होता. वाटेत त्यानं पिशवीतून चघळायची कोकाची पानं काढून तोंडात टाकली आणि उरलेली मूठ न बोलता तिच्यासमोर धरली. तिनं घेतली.

"आयेला सांग, झाली सही," तो एकदा म्हणाला. "तिला झोप न्हाई."

"सांगीन."

खिडकीपलीकडं तीच बाई होती. तिनं कागद तयार केले, मोठ्यानं वाचून दाखवले आणि फाकुंदोला विचारलं, "राजीखुशीनं देताय?"

"व्हय."

"कुणाचा धाकदपटशा?"

"न्हाई बाई. घर तिचंच हाय. चुकून माजं नाव लागलं."

तो सही करायला वाकला. वाकताना शर्ट पाठीला ताणला गेला, खपली सुटली आणि पांढऱ्या कापडावर एक लाल रेघ उमटली. मग दुसरी. मागच्या रांगेतली बाई 'देवा' म्हणाली. खिडकीपलीकडची बाई उठून बाहेर आली, त्याच्या मागं उभी राहिली आणि तिनं शर्टाची कड दोन बोटांनी वर केली.

"पेन खाली ठेवा," ती म्हणाली.

"न्हाई बाई, म्या पडलो..."

"तुमच्या गावात सगळे पडतातच." तिनं कागद काढून घेतले आणि इलारियाकडे बघितलं. "बाई, ही सही मी घेऊ शकत नाही. उद्या तो म्हणाला मारून घेतली, तर तुमची नोंदही जाईल आणि माझी नोकरीही. नोंदवहीत शेरा मारावा लागेल. यापुढं हा माणूस सही करायला आला तरी कुणी घेणार नाही, कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय."

"तीन फटके व्हते," इलारिया म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं ते तिलाच समजलं नाही. तीनच मारले असते तर जखमा तीन दिवसांत सुकल्या असत्या, असं तिला म्हणायचं असावं.

बाहेर पायऱ्यांवर फाकुंदो उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"करनार व्हतो म्या, वैनी. आयेची शप्पत, करनार व्हतो. तूच घालवलंस."

"भावजी..."

"भावजी म्हनू नगंस. आता कागद म्हनतोय तर कागद. आठ दिसांत घर मोकळं कर."

घरी आल्यावर गुमेर्सिंदानं विचारलं, "झाली का सही?"

"झाली आत्याबाई," इलारिया म्हणाली.

*

थंडी पडली. वरच्या माळावर बटाटे पसरले की रात्री ते गोठतात. सकाळी ऊन लागून सैल झाले की पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं आणि वाळवायचे. वर्षभराचं खाणं ते. इलारिया अनवाणी बटाटे तुडवत होती, तेव्हा फाकुंदो, त्याची बायको देल्फिना, दोन मेव्हणे आणि खांद्याला बंदूक अडकवलेला एक पोलीस चढ चढून वर आले. पोलीस पोरगेला होता, धापा टाकत होता.

"बाई, नोटीस आहे," तो म्हणाला. "रविवारपर्यंत घर सोडायचं. घरात म्हातारी आहे, तिच्यासमोर नको म्हणाले हे, म्हणून इथं आलो."

"ऱ्हायला मिळालं की पुरं," देल्फिना म्हणाली. "बारा वरीस बापाची बोलनी खाल्ली म्या बी."

"मंग आता माजा घास खा," इलारिया म्हणाली.

थोरल्या मेव्हण्याला ते झोंबलं. त्यानं बूट घातलेल्या पायानं पसरलेले बटाटे उडवायला सुरुवात केली. धाकटाही सामील झाला. ओल्या बटाट्यांची रास घळीत गडगडली. इलारियानं कमरेची गोफण सोडली. मेंढरं वळताना वीस हातांवरचा कोल्हा ती हाणायची. पहिला धोंडा थोरल्या मेव्हण्याच्या गुडघ्यावर बसला आणि तो गुरासारखा ओरडत खाली बसला. दुसरा तिनं फाकुंदोवर सोडला. भुवई फुटून त्याचं अर्धं तोंड लाल झालं. तो पुढं आला नाही, मागंही हटला नाही.

"मार," तो म्हणाला. "आनि येक मार. अकरानं पोट भरलं न्हाई तुजं."

तिसरा धोंडा तिनं गोफणीत घातला होता. पोलिसानं घाबरून बंदुकीचा दस्ता तिच्या गळ्याच्या हाडावर मारला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती तुडवलेल्या बटाट्यांत आडवी पडली, आणि पोलीसच तिच्याशेजारी बसून म्हणत राहिला, "मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं." त्यानं काहीच सांगितलेलं नव्हतं.

*

हात गळ्यात बांधून इलारिया पुन्हा एकदा कचेरीत गेली. ओढ्यापलीकडची आईची पडीक जागा कुणाच्या नावावर आहे, एवढंच तिनं विचारलं. पान कोरं होतं. तिनं तिथंच अर्ज दिला, अंगठा नाही, सही केली, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

मग ती साबिनोकडे आली.

"शुक्रवारी मानसं पायजेत."

"शाकारनीला?"

"पाडायला."

"सोताचं घर पाडनार?"

"जागा त्याची हाय म्हनत्यात. घेऊ दे जागा. माती माजी हाय."

"डोकं फिरलंय तुजं."

"फिरलंय," ती म्हणाली. "येनार का न्हाई ते सांग."

शुक्रवारी बाराजण आले. म्हातारीला काय सांगायचं, हा प्रश्न होता. तिला शेजाऱ्याकडे झोपवलं आणि सांगितलं की शाकारणी चाललीय, भिंतीही दुरुस्त व्हायच्यात. थंडीच्या दिवसांत सगळेच छपराचं गवत बदलतात, तिला नवल वाटलं नाही. दिवसा ती घायपाताच्या झुडपांपाशी उन्हात बसून हुकूम सोडायची.

"जुनं गवत खालनं उचला रं, नुसतं वरनं वरबाडू नगा. वासं तपासा. मधला वासा तेओदोसिओनं आनला व्हता, त्यो चांगला हाय."

"व्हय, आजी," गडी म्हणायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत. एरवी शाकारणीला दारू असते, गाणी असतात. इथं कुणी घोटही घेतला नाही.

पहिला घाव इलारियानं स्वतः घातला. एका हातानं शिडी चढून तिनं आढ्याचा कातडी बंद कोयत्यानं तोडला आणि छप्पर एका बाजूला बसलं. त्यानंतर गवत गेलं, वासे गेले, चौकट गेली. भिंतींच्या विटा पहारीनं सोडवून ओळीनं हातोहात ओढ्यापलीकडं गेल्या. निम्म्या फुटल्या. काही विटांवर तेओदोसिओच्या बोटांचे ठसे होते. एकीवर लहानसं पाऊल उमटलं होतं, कुत्र्याचं की कोंबडीचं ते कळत नव्हतं. इलारिया कुठल्याच विटेपाशी थांबली नाही. तिला राग पुरत होता. आपण आपला जीव आपल्या हातानं सोलतोय हे तिला ठाऊक होतं, आणि तो सोलून फाकुंदोच्या हाती नुसती माती द्यायची, या विचारानं ती उभी होती.

रविवारी सकाळी फाकुंदो आला. दोन खेचरांवर भांडी, गाद्या, शिवणयंत्र, मागं देल्फिना. भुवईवर टाके होते. वळणावरून पुढं आला आणि थांबला. नकाशात होतं तेवढं सगळं होतं, उत्तरेची पायवाट, दक्षिणेचा ओढा, पूर्वेची तीन झुडपं, पश्चिमेचा बांध. मध्ये झाडून घेतल्यासारखी तांबडी जमीन. पायाचे दगडसुद्धा निघाले होते.

देल्फिना मटकन खाली बसली. फाकुंदोच्या तोंडून शिवी निघेल, तो धावून येईल, म्हणून इलारियानं चांगल्या हातात दगड धरून ठेवला होता. तो नुसता बघत होता.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "आयेला काय सांगितलंस?"

इलारियाला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. त्याचा आवाज ऐकून म्हातारी झुडपांपाशी उठून उभी राहिली होती.

"फाकुंदो आला का? बरं झालं. सही दिली, आता शाकारनीला बी आला. माजी पोरं येक झाली." ती हात पुढं करून चालायला लागली. "झालं ना छप्पर? मला आत न्या कुनीतरी. दोन दिस लोकाच्या घरात निजले, अंग आखडलंय."

बाराही गडी जिथल्या तिथं उभे राहिले. साबिनोनं टोपी काढली. इलारियाचा दोन दिवस पुरलेला राग त्या एका क्षणात संपला आणि तिच्या हातातला दगड गळून पडला. आपण कुणाचं घर पाडलं ते तिला आता कळलं.

फाकुंदो पुढं गेला. त्यानं आईचा हात धरला आणि तिला सावकाश मोकळ्या जमिनीकडे आणलं. एका जागी तो थांबला.

"उंबरा हाय, आये. पाय उचल."

म्हातारीनं परकर सावरून पाय उचलला आणि आत ठेवला. दुसराही उचलला. ती मध्यावर येऊन उभी राहिली, तोंड वर केलं, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गवत पातळ घातलं गं, इलारिया. ऊन लागतंय."

इलारिया तोंडात पदर कोंबून उभी होती.

"व्हय, आये," फाकुंदो म्हणाला. "उद्या घालू अजून."